सिल्डेनाफिल आणि टॅडालाफिल, दोन्ही घेऊन पाहिल्या : गोळ्यांचा रिव्ह्यू, आणि ज्या मेडिकलमधून घेतो त्याचाही

ताठरतेच्या गोळ्यांबद्दल मराठीत काही शोधलं तर एकतर जाहिरात सापडते नाहीतर भीती घालणारं काहीतरी, म्हणून जसं आहे तसं लिहून राहिलो. वय पन्नाशीच्या पुढं, शुगर बऱ्याच वर्षांपासून, बीपीची एक गोळी रोज सकाळी, यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, वावरात पऱ्हाटी आणि तूर. नाव नाही सांगत, तेवढं समजून घ्या.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो, गोळी चांगली आहे, काम करते, साईड इफेक्ट आहेत पण बहुतेक लोकांचे काही तासांत जाणारे आहेत. जीवावर कधी बेतते तर चुकीच्या माणसानं घेतली, किंवा दुसऱ्या कोणत्या गोळीसोबत घेतली तर. आणि हे देणाऱ्यानं विचारायला पाहिजे, घेणाऱ्याला माहीत नसते. म्हणून अर्धा रिव्ह्यू गोळीचा आणि अर्धा मेडिकलचा.

सुरुवात डॉक्टरपासून करा. तालुक्याला ज्यांच्याकडं शुगर दाखवायला जातो त्यांनाच मी सांगितलं, बाहेर बाकड्यावर ओळखीचे चार लोक बसलेले, दार अर्धं उघडं, आवाज खाली ठेवूनच बोलावं लागते. त्यांनी उठून दार लोटलं आणि मग विचारलं, हळूहळू झालं की एकदम, पहाटे झोपेतून उठताना ताठरता असते का, छातीत कधी भरून येते का, दोन जिने भरभर चढले तर दम लागते का, आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, किती होतो दिवसाचा. ईसीजी काढला, बीपी पाहिला, तीन महिन्यांची शुगर करायला लावली. मला वाटलं होतं चिठ्ठी लिहून मोकळे होतील. ते म्हणाले, त्या जागेच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, शुगर, बीपी, तंबाखू, कोलेस्टेरॉल यांच्यानं नसा खराब व्हायला लागल्या की बारीक नस आधी तक्रार करते, हार्टचं दुखणं कधी कधी त्याच्यानंतर दोन-चार वर्षांनी वर येते. म्हणजे ज्याला आपण नुसती कमजोरी म्हणून लपवून ठेवतो ती हृदयाची आगाऊ सूचना असू शकते, आणि हे आपल्या गावात कोणी कोणाला सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटते. चाळिशीतला माणूस खर्ऱ्याच्या पुड्या खात फिरते आणि त्याचा साधा बीपी कोणी मोजलेला नसते, जेव्हा की उपकेंद्रात तिशीच्या वरच्या सगळ्यांचा बीपी-शुगर फुकट पाहतात, आशाताई घरी येऊन सांगून जाते.

बीपीच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होते हे पण तिथंच कळलं. अटेनोलॉलसारख्या गोळ्या, लघवी करवणाऱ्या काही गोळ्या, डिप्रेशनच्या काही गोळ्या. पण म्हणून आपल्या मनानं बीपीची गोळी बंद करायची नाही बरं का, डॉक्टरला सांगितलं तर बदलून देतात.

आता सिल्डेनाफिल. हीच ती व्हायग्रावाली गोळी. फायझर कंपनी इंग्लंडमध्ये ही मुळात छातीच्या दुखण्यासाठी, अंजायनासाठी पाहून राहिली होती, तिथं फार उजेड पडला नाही पण ट्रायलमधल्या माणसांनी भलताच परिणाम सांगितला आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत ती ताठरतेसाठी मंजूर झाली. आपल्याकडं जेनेरिक भरपूर आहेत, २५, ५० आणि १०० मध्ये मिळते, नावाजलेल्या ब्रँडच्या आणि साध्या जेनेरिकच्या भावात बराच फरक आहे आणि माझ्या अनुभवात कामात फरक वाटला नाही. मला ५० पासून सुरू केली. पासष्टच्या वरच्यांना किंवा लिव्हर-किडनीचा मोठा त्रास असलेल्यांना २५ पासून करतात. दिवसातून एकदाच, संबंधाच्या साधारण एक तास आधी, असर चार तासांच्या आसपास राहते.

एक गैरसमज मोठा आहे की गोळी गिळली की आपोआप होते. तसं नाही. मनात इच्छा पाहिजे, जवळीक पाहिजे, मग शरीर जे रक्त तिकडं सोडते ते टिकवून धरायचं काम गोळी करते. इच्छाच नसेल तर गोळी इच्छा आणत नाही. आणि पहिल्या वेळी नाही जमलं म्हणून गोळी फेल म्हणायचं नाही, डॉक्टर म्हणाले चार-सहा वेळा नीट पद्धतीनं घेऊन मग मला सांगा.

साईड इफेक्ट मला काय झाले ते सांगतो. अर्ध्या-पाऊण तासात कान आणि गाल गरम, चेहरा लाल, मे महिन्यात डोक्याला दुपट्टा न बांधता वावरातून आल्यावर होते तसा. मग नाक चोंदते, सर्दी नसताना. डोकं थोडं जड, सकाळपर्यंत उतरते. ॲसिडिटी होते, त्यात तिखट खाल्लं असेल तर जास्तच. हे सगळं का होते तर रक्तवाहिन्या फक्त तिथल्याच सैल होत नाहीत, चेहऱ्याच्या, नाकाच्या, डोक्याच्याही थोड्या होतात. काही लोकांना थोडा वेळ निळसर दिसते किंवा उजेड जास्त टोचते, डोळ्याच्या पडद्यावरही गोळी थोडं काम करते म्हणून, डोस मोठा असला की हे जास्त. मला ५० वर तसं झालं नाही. पण एका डोळ्यानं एकदम दिसायचं कमी झालं किंवा एका कानानं अचानक ऐकू यायचं बंद झालं तर ते वेगळं, फार कमी लोकांना होते पण झालं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी दवाखाना.

जेवणाचं लक्षात ठेवा. तूप-तेलाचं भरपेट जेवण झालं की सिल्डेनाफिल उशिरा चढते. आपल्याकडं रोडगे आणि वांग्याची भाजी, वर तुपाची वाटी, असं जेवण करून गोळी घेतली तर तासाभरात काहीच होत नाही आणि माणूस चिडून दुसरी गोळी घेते. दुसरी घ्यायचीच नाही. हलकं जेवा, भाकरी-वरण, आणि मग घ्या.

टॅडालाफिल मला नंतर दिली, कारण घड्याळ पाहून राहणं मला आणि आमच्या घरी दोघांनाही अवघड व्हायला लागलं होतं. ही १० किंवा २० ची लागेल तेव्हा, नाहीतर ५ ची रोज एक, अशा दोन पद्धतीनं देतात. असर ३६ तासांपर्यंत राहू शकते, म्हणजे शनिवारी घेतली तर रविवारीही चालते, आणि जेवणाचं बंधन नाही. चेहरा लाल होणं माझ्या बाबतीत यात कमी. पण पाठ आणि मांड्या दुखतात, घेतल्यावर १२ ते २४ तासांनी सुरू होते, दोन दिवसांत जाते. आता आम्ही वावरात काम करणारे, पाठ दुखली तर डवऱ्यामागं चालून दुखली की गोळीनं हे कळायला मार्ग नाही, मला कळलं कारण काम नसलेल्या दिवशीही तसंच दुखलं. सहन होते. तरी माझं मत विचाराल तर एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोसाठी टॅडालाफिल सोयीची आहे, मनावरचा ताण कमी होते, आणि ताण कमी झाला की अर्धं काम तिथंच होते.

पण जितका जास्त वेळ असर तितका जास्त वेळ धोकाही, आणि इथं जरा थांबून वाचा.

जिभेखाली ठेवायची छातीची गोळी सगळ्यांना माहीत आहे, सॉर्बिट्रेट म्हणतात, आयसोसॉर्बाइड. नायट्रोग्लिसरीनही त्याच घराण्यातली, स्प्रे येतो, छातीला चिकटवायची पट्टी येते. निकोरँडिल पण तशीच. ही औषधं आणि ताठरतेची गोळी शरीरात एकाच रस्त्यानं जातात, एक नसा सैल करणारा पदार्थ वाढवते आणि दुसरी तो पदार्थ मोडू देत नाही, दोन्ही एका वेळी अंगात असल्या तर बीपी इतका खाली येऊ शकते की माणूस उठतच नाही. सिल्डेनाफिल घेतली असेल तर त्याच्यानंतर किमान २४ तास नायट्रेट, म्हणजे ही वरची छातीची औषधं, चालत नाही, टॅडालाफिलनंतर किमान ४८ तास. आणि ज्याची छातीची गोळी रोज चालू आहे त्यानं ही गोळी घ्यायचीच नाही, अर्धी पण नाही, पाव पण नाही.

आता गावात काय होते पहा. लाज वाटते म्हणून माणूस आपल्या नेहमीच्या मेडिकलमधून घेत नाही, गाडीला किक मारून दुसऱ्या तालुक्याला जाते जिथं कोणी ओळखत नाही. म्हणजे जिथं तुमच्या बाकीच्या गोळ्या माहीत आहेत तिथून नाही घेत, आणि जिथं तुमचं काहीच माहीत नाही तिथून घेते. घरीही सांगत नाही. मग रात्री छातीत दुखायला लागलं की पोरगा १०८ ला फोन लावते, गाडी येते, दवाखान्यात डॉक्टर विचारते काही गोळ्या चालू आहेत का, पोराला माहीत नाही, बापाला पोरासमोर सांगवत नाही, आणि डॉक्टर बिचारा छातीचं दुखणं पाहून जिभेखाली गोळी ठेवते. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, घरात एका माणसाला, बायकोला, सांगून ठेवा कोणती गोळी आणि कधी घेतली. माझ्या बायकोला गोळ्यांचा पत्ता (स्ट्रिप) दाखवून ठेवला आहे, तिला वाचता येते, तिनं कागदावर नाव लिहून रेशन कार्डाच्या पन्नीत ठेवलं आहे.

लघवीची धार कमी होते म्हणून प्रोस्टेटची गोळी घेणारे गावात बरेच आहेत, टॅमसुलोसिन वगैरे, त्यांनीही डॉक्टरला सांगूनच, कारण तिच्यानंही बीपी खाली येते, आधी ती गोळी अंगाला बसू देतात आणि मग ही कमी डोसवर सुरू करतात. आणि एक गोष्ट जी शहरातले लिहिणारे कधी लिहीत नाहीत, विंचू चावला की दवाखान्यात प्राझोसिन देतात, ती पण त्याच जातीची. ढेकळं उचलताना, तुराट्या काढताना आपल्याला विंचू चावणार नाही तर कोणाला चावणार, तर तिथंही सांगायचं की काल अशी गोळी घेतली होती. बुरशीच्या इन्फेक्शनच्या काही गोळ्या, इट्राकोनाझोल, केटोकोनाझोल, आणि काही अँटिबायोटिक, क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या, यांनी या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढते. गजकर्णासाठी इट्राकोनाझोल आजकाल घराघरात चालू आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं. सहा महिन्यांच्या आत हार्ट अटॅक किंवा लकवा झाला असेल तर सध्या नाही.

आता मेडिकल. तालुक्याच्या एसटी स्टँडकडून बाजाराकडं जाताना लागते ते, नाव लिहीत नाही कारण मग लोक म्हणतील जाहिरात. फार्मासिस्ट स्वतः बसते, पोरांच्या भरवशावर दुकान नाही. पहिल्यांदा चिठ्ठी दिली तर त्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्या मागं उभ्या असलेल्या बाईचं सामान आधी देऊन तिला रवाना केलं आणि मग मला काउंटरच्या कोपऱ्यात घेतलं. विचारलं, "भाऊ, छातीची गोळी चालू आहे का?" मी नाही म्हटलं. एवढ्यावर सोडलं नाही. ड्रॉवरमधून जिभेखालच्या गोळीचा पत्ता काढून माझ्यासमोर धरला, "अशी? कधी दवाखान्यात दिली होती का? घरात कोणाची पडली आहे का?" मग निकोरँडिलचा पत्ता दाखवला. म्हणाले, लोकांना नाव माहीत नसते, रंग आणि पत्ता माहीत असते, म्हणून मी दाखवूनच विचारतो. मला ही गोष्ट इतकी पटली की हा रिव्ह्यू लिहायचं तेव्हाच मनात आलं. पुढच्या वेळी येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पन्नीत टाकून आणा असंही सांगितलं, नेल्या, त्यांनी एकेक पाहिली. बिल देतात. गोळी कागदी पाकिटात देतात, वर काही लिहीत नाहीत.

याच तालुक्यात दुसरं एक दुकान आहे तिथं चिठ्ठी लागत नाही, विचारतही नाहीत, "पन्नास की शंभर?" एवढंच, आणि पैसे जास्त. पत्त्यावर लाल पट्टी असते आणि छापलेलं असते की नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, हे शेड्यूल एच चं औषध आहे, पण तिथं कोणी वाचत नाही. तिथंच पोरांना दोन औषधं एकत्र असलेली गोळी देतात, सिल्डेनाफिल आणि डॅपॉक्सेटिन. डॅपॉक्सेटिन हे लवकर होणाऱ्या वीर्यपतनासाठी आहे, ताठरतेसाठी नाही, त्यानं मळमळ होते, चक्कर येऊन माणूस पडूही शकते. ज्याला दोन्हीपैकी एकच त्रास आहे त्याला दोन्ही औषधं काहून द्यायची? आणि लग्न ठरलेल्या पंचवीस वर्षांच्या निरोगी पोराला तर बहुतेक वेळा गोळीच लागत नाही, त्याला धीर लागते, कोणीतरी मोठ्या माणसानं सांगायला पाहिजे की पहिल्या रात्री घाबरल्यासारखं होते, होते हळूहळू ठीक.

पोरांसाठी अजून एक, आपल्या विदर्भात फार महत्त्वाचं. सिकलसेल, रक्ताचा पिढीजात आजार. गडचिरोली, चंद्रपूरच काय, आपल्या यवतमाळातही कितीतरी घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णांना ताठरता उतरतच नाही असा त्रास मुळातच होऊ शकते, वरून या गोळ्या घेतल्या तर आणखी जपावं लागते. ज्याची तपासणी झाली नाही त्यानं सोल्युबिलिटी टेस्ट करून घ्यावी, सरकारी दवाखान्यात होते, आणि ती पॉझिटिव्ह आली तर पुढं इलेक्ट्रोफोरेसिस करून रुग्ण की वाहक ते सांगतात. आणि सिकलसेल असो की नसो, ताठरता चार तासांच्या वर राहिली, दुखायला लागली, तर ती फुशारकीची गोष्ट नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात. सकाळ होऊ द्या म्हणून थांबले तर आतला भाग कायमचा खराब होते आणि मग कोणतीच गोळी चालत नाही.

बाजाराच्या दिवशी तंबू लागते, लाऊडस्पीकर, काचेच्या बरण्यांमध्ये मुळ्या, "एका रात्रीत ताकद". त्याला मी शून्य देतो. अशी जाहिरात करणंच १९५४ च्या औषधी द्रव्य आणि चमत्कारी उपाय कायद्यानं बंद आहे, तरी भिंती रंगलेल्या आहेत. लोक म्हणतात जडीबुटी आहे, साईड इफेक्ट नाही. अरे बापा, हर्बल म्हणून विकलेल्या कितीतरी मालात हेच सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल गुपचूप कालवलेलं सापडलं आहे, अमेरिकेच्या एफडीएनं अशा मालाच्या इशाऱ्यांची मोठी यादीच काढलेली आहे. पुडी खाऊन अर्ध्या तासात चेहरा लाल झाला, नाक चोंदलं, तर समजून जा काय आहे. किती आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नाही. शेजारच्या गावचे एक काका, अँजिओप्लास्टी झालेली, छातीची गोळी रोज चालू, त्यांनी डॉक्टरची गोळी धोक्याची आहे असं ऐकून अशी पुडी घेतली. रात्री न्हाणीत पडले. दवाखान्यात नेलं तर बीपी लागून नव्हता राहिला, सलाईनवर सलाईन, पहाटे शुद्धीवर आले. पुडीचा कागद त्यांच्या सुनेनं उचलून डॉक्टरला दाखवला म्हणून डॉक्टरला अंदाज तरी आला. ते वाचले. त्यांना जर कोणी फक्त पत्ता दाखवून विचारलं असतं तर हे झालंच नसतं असं मला राहून राहून वाटते.

दारू. थोडी चालते का असं सगळे विचारतात. दारूनंही नसा सैल होतात, बीपी उतरते, उठून उभं राहिलं की अंधारी येते, आणि दारू जास्त झाली तर ताठरता तशीही येत नाही, मग गोळी घेऊन काय फायदा. मोहाची असो की देशी, तिच्यात किती काय आहे ते मोजता येत नाही म्हणून मी तर म्हणतो त्या दिवशी नाहीच. खर्ऱ्याचं सोपं नाही हे मला माहीत आहे, मी कमी केला, बंद नाही झाला अजून, पण कमी केल्यावर आणि शुगर खाली आल्यावर फरक पडला हे सांगतो.

उन्हाळ्यात जरा सांभाळून. दिवसभर ४५ डिग्रीत घाम गाळून, पाणी कमी पिऊन, संध्याकाळी गोळी घेतली की चक्कर यायची शक्यता वाढते, आधी पाणी प्या, ताक प्या. पत्ता टिनाच्या घरात छताजवळच्या फळीवर किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवायचा नाही, ३० डिग्रीच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असते, आम्ही मातीच्या भिंतीच्या कोनाड्यात डब्यात ठेवतो. लेकरांच्या हाताला लागणार नाही असा.

माझे मार्क : टॅडालाफिलला पाचपैकी साडेचार, अर्धा पाठदुखीचा कापला. सिल्डेनाफिलला चार, डोकं जड होणं आणि जेवणाची कटकट यामुळं. मेडिकलला पूर्ण पाच. त्या दुसऱ्या दुकानाला एक, तोही गोळी खरी असते म्हणून.

जायचं असेल तर बाजाराचा दिवस टाळा, त्या दिवशी काउंटरवर तीन रांगा असतात आणि कोपऱ्यात घेऊन बोलायला त्यांना वेळ मिळत नाही. दुपारी दोन ते चार निवांत असते. रविवारी अर्धा दिवस. चिठ्ठी सहा महिन्यांपेक्षा जुनी असली तर ते परत डॉक्टरकडं पाठवतात, वाद घालू नका, बीपी मोजून नवीन आणा. सोबत सगळ्या गोळ्यांची पन्नी.